पांढरी साडी, बदल्यात एक गंज

नारळावर पाणी टाकून तो पेटवून दाखवायचा आणि मग "मुलांनो, यात चमत्कार नाही, सोडियम आहे" असं सांगायचं — हे काम मी सेलू तालुक्यातल्या कितीतरी शाळांत हौसेनं केलेलं आहे. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात माझा अनुभव वाचून ओळखीचे लोक पोट धरून हसतील. हसू देत. मी स्वतः इथले अनुभव इतकी वर्षं वाचतो ते चुका काढायलाच वाचतो. आमच्या घरात तर आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भूतखेतंही बाहेर गेली आणि पुन्हा कोणी त्यांना आत घेतलं नाही. अंगात येणं, नजर लागणं, असलं काही आमच्याकडे चालत नाही. मांजर आडवं गेलं तर आई मांजरालाच ओरडते.

तरीही झालं ते झालं... जसं झालं तसं लिहितो, ठरवा तुम्हीच.

राहणार सिंदी (रेल्वे). इथल्या एका जिनिंगमध्ये मी काट्यावर कॉम्प्युटर ऑपरेटर आहे — कापसाच्या गाड्या येतात, मी वजन घेतो. उन्हाळा लागला की गाड्या बंद आणि मी मोकळा. आणि मोकळा असलो की मी एक ऑनलाइन गेम खेळतो. वय विचारू नका, बायकोनं ते आधीच विचारलेलं आहे.

या गेममध्ये मारामारी नाही. शेती करा, खाणीत खोदा, कापड विणा, रंगवा, आणि तयार झालेला माल दुसऱ्या खेळाडूला देऊन त्याच्याकडचा माल घ्या. पैसाच नाही, सगळी अदलाबदल. जगभरातले लोक आपापलं दुकान मांडून बसलेले असतात. आता मला बैलाची लाल झूल पाहिजे असेल तर एकेक दुकान हिंडत बसू का? म्हणून कुणा खेळाडूनं एक वेगळी साइट बनवली आहे. वर एक रकाना, त्यात वस्तूचं नाव टाकायचं. खाली येतं — वस्तू कुणाकडे आहे, गेममधल्या कोणत्या गावात आहे आणि बदल्यात त्याला काय पाहिजे. बस, दुसरं काही ती साइट करत नाही. सगळा कारभार इंग्रजीत. देवनागरी टाकलं तर नुसते चौकोन उमटतात.

झूल शोधत होतो तेव्हा आई मागे येऊन उभी राहिली.

"काय शोधून राह्यला रे?"

"झूल."

"बैल कुठी आहे आपल्याकडं?"

"गेममध्ये आहे."

आई स्क्रीनजवळ वाकली. मग म्हणाली, "अन् मंग चारा कोण टाकते त्याले?"

मी तिला समजावून सांगायचा पुष्कळ प्रयत्न केला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी स्वतःचं मत बनवलं, की हा एक आठवडी बाजार आहे, फक्त लोक घरी बसून भरवतात. मी नाद सोडला.

आता साडीकडे येतो. आमच्यात विहारात जायचं, वंदनेला बसायचं, लग्नाला उभं राहायचं तर पांढरी साडी. आईच्या कपाटात एक अख्खा कप्पा पांढऱ्या साड्यांचा आहे आणि कोणती कोणती हे फक्त तिलाच ओळखता येतं. म्हणजे येतं, असं आम्ही सगळे समजत होतो.

माझ्या मोठ्या बहिणीच्या, ताईच्या लग्नातली पांढरी साडी आमच्या बाबांनी स्वतः निवडली होती. बाबांनी आयुष्यात निवडलेली ही एकच साडी. वर्ध्याच्या दुकानात ढीग पडला होता आणि बाबा एकेक साडी दारात नेऊन उजेडात बघत होते. शेवटी दुकानदार कंटाळून म्हणाला, "काका, सगळ्या पांढऱ्याच आहेत." बाबा म्हणाले, "नाई. सगळ्या नाई." आणि पुन्हा दारात गेले. पुढे लग्नाच्या कागदावर सही करताना भाऊजींच्या हातातला पेन गळला आणि पदरावर निळ्या शाईचा थेंब पडला. त्यावरून ताईनं भाऊजींना आजतागायत सुखानं जेवू दिलेलं नाही.

बाबांना जाऊन काही वर्षं झाली. गेल्या उन्हाळ्यात ताईच्या मुलीचं, प्रज्ञाचं लग्न ठरलं. आजोबांची, म्हणजे आमच्या बाबांची, फार लाडकी होती ती. तिनं दागिना मागितला नाही, घागरा मागितला नाही. "आबांनी आणलेली साडी नेसूनच उभी राहीन, ते नाहीत तर त्यांची साडी तरी," एवढंच म्हणाली. ताईनं साडी आमच्याकडे पाठवली, कारण पांढऱ्या साडीला धुऊन खळ द्यावी तर आईनंच. माझी बायको तिकडे नालवाडीला ताईच्या घरी मदतीला गेली. घरात मी, आई आणि साडी.

आणि गल्लीत भांडेवाली आली.

जुने कपडे घ्यायचे आणि बदल्यात भांडं द्यायचं, असा तिचा धंदा. आईनं कपाट आवरून विटक्या पांढऱ्या साड्यांचं एक बोचकं बांधलेलंच होतं. घासाघीस करून त्यावर तिनं झाकणाचा स्टीलचा डबा मिळवला आणि तो अख्ख्या गल्लीला दाखवून आली. पुढे लग्न तोंडावर आलं तेव्हा खळ द्यायला म्हणून तिनं कपाटातली साडी उलगडली. काठ फाटलेला. शाईचा थेंब नाही. ती तिचीच, विहारात जायची जुनी साडी होती.

"प्रशांत," तिनं आतून हाक मारली. आवाज असा होता की मी धावत गेलो. आई जमिनीवर बसली होती. "माही साडी त इथी आहे. मंग डब्यावर कोणती गेली?"

मला उत्तर माहीत होतं आणि तिलाही. तरी आम्ही दोघांनी अख्खं कपाट खाली काढलं.

"ताईले सांगू नको," ती म्हणाली. "पोरीले त मुळीच नको. तुह्या बाबानं दारात उभं राहू राहू आणलेली साडी... अन् मी डब्यावर देल्ली रे."

बाबा गेले तेव्हा आईनं सगळ्यांना धीर दिला होता. आता तीच जमिनीवरून उठत नव्हती. मी गाडी काढली. स्टेशन, बसस्टँड, बाजार, शेजारच्या गल्ल्या, सगळीकडे विचारलं. भांडेवाली बऱ्याच जणांना आठवत होती. एक म्हणे नागपूरच्या गाडीत बसली, दुसरा म्हणे वर्ध्याच्या. चहावाल्यानं सांगितलं, तिच्याकडची चाळणी चांगली निघाली. एवढीच खात्रीची माहिती मिळाली.

भर दुपारी घामाघूम होऊन परत आलो तर आई कॉम्प्युटरपुढे खुर्ची ओढून तयार.

"त्याच्यात शोधून पाय न."

"कशात?"

"तुह्या बाजारात."

उन्हानं आधीच माझं डोकं तापलेलं होतं. "आई, ते खोटं आहे! खोटी दुकानं, खोटा माल!"

"झूल भेटली न तुले?"

"खोटी भेटली!"

"टाकून त पाय. तुह्या काय बापाचं जाते?" असं म्हणाली आणि बाबांच्या आठवणीनं पुन्हा डोळ्यांना पदर लावला. काहीच येत नाही हे तिला डोळ्यांनी दिसू दे, म्हणून मी रागारागानं देवनागरीत टाइप केलं — पांढरी साडी. मारला एंटर.

चौकोन आले नाहीत. खाली, जिथे माझ्या झुलीचा निकाल यायचा तिथे, स्वच्छ मराठीत चार ओळी आल्या —

वस्तू: पांढरी साडी, पदरावर शाईचा थेंब.
कुणाकडे: जना.
गाव: कारंजा (घाडगे), हायवेवरच्या निळ्या टाकीच्या धाब्यामागे.
बदल्यात: गंज, झाकणासकट. ठोके पडलेला चालणार नाही.

(बाहेरच्या वाचकांसाठी — गंज म्हणजे आमच्याकडचं पातेलं. लोखंडाला चढतो तो वेगळा. आणि ठोके म्हणजे पोचे.)

कूलर चालू होता तरी माझ्या कानशिलावरून घाम ओघळला. शाईच्या थेंबाबद्दल मी एक अक्षर टाइप केलेलं नव्हतं. पहिला विचार आला की कुणीतरी चेष्टा करतंय. पण कोण? साडी हरवल्याचं मला आणि आईला सोडून कुणाला माहीत नव्हतं, आणि या गेमचं तर जिनिंगमध्येही कोणाला माहीत नाही, लाजेखातर मी सांगितलेलंच नाही. मी हे सगळं मोठ्यानं आईला समजावून सांगत होतो. मागे वळून पाहिलं तर आई खुर्चीत नव्हती. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता.

"हा चालन का?" तिनं एक गंज वर धरून विचारलं.

"त्याला ठोके आहेत. ठोके पडलेला चालणार नाही, लिहिलंय ना तिथे?" मी म्हणालो — आणि आपण काय बोललो ते माझ्याच कानांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चढायच्या आत मोटरसायकलवर निघालो. मी फक्त आईची समजूत घालायला जातो आहे, असं मी स्वतःला सेलूपर्यंत सांगत होतो. खरा प्रश्न पुढे होता, कारण कारंज्याला जायचं तर वर्ध्यावरून आणि वर्ध्याला शिरायचं तर नालवाडीवरून, म्हणजे ताईच्या घरासमोरून. एरवी हेल्मेट दिलं की "जीव घाबरते माहा" म्हणणारी आई, नालवाडी जवळ येताच म्हणाली, "थांब, दे इकडं थे." माझं हेल्मेट तिनं घातलं, काच खाली ओढली आणि भांड्यांची पिशवी पोटाशी आवळून धरली. आणि नेमकी ताई रस्त्याच्या कडेला भाजीच्या गाडीशी उभी! मी मान खाली घातली आणि गाडी दामटली. गतिरोधक मला दिसलाच नाही. पिशवीतून असा काही खणखणाट झाला की भाजीवाल्यासकट सगळ्यांनी वळून पाहिलं. संध्याकाळी ताईनं फोनवर आईलाच सांगितलं, "आज एक बाई पाह्यली, हेल्मेट घालून भांडे घेऊन जाऊन राह्यली होती गाडीवर. लोकं बी काय काय करतात!" आई म्हणाली, "हाव न बाई."

आर्वी करत कारंज्याला पोचलो. हायवेला लागल्यावर मी ठरवलं होतं, की धाबे बघायचे, निळी टाकी नाहीच दिसणार, मग आईला चहा पाजायचा आणि परत. टाकी लांबूनच दिसली. निळी. खाली ट्रकांची रांग. धाब्याच्या मागे बाभळीखाली एक पाल होतं, समोर कपड्यांची बोचकी, आणि एक बाई बकरीला पाला खाऊ घालत होती. ही आमच्याकडे आली होती ती भांडेवाली नव्हती.

मी तोंड उघडायच्या आत ती आईच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "आणला का गंज?"

मी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला विचारतेय का. आई मात्र बाजारात आल्यासारखी पुढे झाली, बसली आणि पिशवीतून गंज काढला. मी पाहतो तर तोच, ठोके पडलेला!

"हा नाई चालत," जनाबाई म्हणाली.

"एकच त आहे ठोका. थो बी खालून."

"दोन आहेत."

"दुसरा ठोका नोहे, तशीच बनावट आहे त्याची."

आयुष्यभर घासाघीस केलेली बाई ती, बाबांची साडी पणाला लागली तरी सवय जाईना. "आई!" मी दात आवळून म्हणालो. जनाबाईनं गंज उचलला, बोटानं वाजवून पाहिला आणि परत आईच्या पुढ्यात ठेवून बकरीकडे वळली. तेवढ्यात धाब्यावरचा एक ड्रायव्हर आला, म्हणाला, "मावशी, गाडीची काच पुसाले पांढरं कापड आहे का?" तेव्हा कुठे आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं गडबडीनं पिशवीत हात घालून दुसरा गंज काढला — नवाकोरा, झाकणासकट. दोन्ही आणले होते तिनं!

जनाबाईनं पालात जाऊन प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेली साडी आणली. ड्रायव्हरला तिनं दुसरी एक जुनी बनियन दिली. आईनं पदर उलगडला. निळ्या शाईचा थेंब होता तसाच होता. आईनं त्यावर अंगठा ठेवला आणि हुंदका देऊन रडली, तिथेच, बोचक्यांच्या मधे. मी उगाच ट्रकांच्या नंबरप्लेटा वाचू लागलो.

"रडू नको माय," जनाबाई म्हणाली. "राहू दे तुहा गंज. घेऊन जाय साडी."

"नाई," आई डोळे पुसत म्हणाली. "सौदा झाला. ठेव थो."

मग मी विचारलं. नारळ पेटवणारा माणूस मी, विचारल्याशिवाय कसा राहणार? "मावशी, ही साडी इथं आहे, हे तुम्ही कुठे टाकलं? मोबाइलवर?"

"मोबाइल बंद आहे माहा. पोळ्यापासून."

"मग कोणाला सांगितलं होतं?"

"कोणाले सांगू? जाऊ माही तिकडून हे बोचकं घेऊन आली. मी म्हटलं, एवढी जपलेली साडी कोणी डब्यावर देते का, चुकून आली असन. ठेवली बाजूले. अन् हिले म्हटलं," तिनं बकरीकडे हात केला, "मालकीण आली त देऊन टाकू आपण. पण फुकट नाई, एक गंज घेऊ."

"झाकणासकट?"

"हाव."

"ठोके पडलेला चालणार नाही, हे पण?"

"थे बी म्हटलं. काऊन?"

मी बकरीकडे पाहिलं. बकरी माझ्या हेल्मेटचा पट्टा चघळत होती. मला त्या क्षणी तिच्याशी बोलावंसं वाटलं, हे मी इथे प्रामाणिकपणे नोंदवतो.

घरी आल्याबरोबर आधी कॉम्प्युटर लावला. आदल्या दिवशी मी त्या निकालाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. उघडला तर वर चौकोन, खाली "शून्य निकाल" अशा अर्थाची इंग्रजी ओळ. साइट बनवणाऱ्याला मेल केला. त्याचं सभ्यपणे उत्तर आलं, की आमच्याकडे फक्त गेममधल्या वस्तू आहेत, तुमची लिपी आमच्याकडे चालत नाही, आणि "गंज" म्हणजे काय? मी त्याला गंज समजावून सांगितला. त्यानं पुन्हा उत्तर दिलं नाही.

लग्न वर्ध्याला झालं. प्रज्ञा ती साडी नेसून उभी राहिली. ताईनं पदर सारखा करताना वाकून वास घेतला. "आई, साडीले फोडणीचा वास काऊन येऊन राह्यला?" आई डोळ्याची पापणी न हलवता म्हणाली, "नवी खळ आहे." मग ताईचा हात शाईच्या थेंबावर गेला, तिनं भाऊजींकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच त्यांना काही बोलली नाही. "बाबा पाह्यजे होते," एवढंच म्हणाली. मला ते ऐकवेना, मी पाणी वाढायला निघून गेलो.

पाहुणे गेले, घर रिकामं झालं, त्यानंतरची एक दुपार. मी झुलीच्या बदल्यात काय मिळतं ते बघत होतो. आई खुर्ची घेऊन आली आणि शेजारी बसली.

"एक शोधाचं होतं."

"आता काय हरवलं?"

"तुह्या बाबाचं नाव टाक."

मी माऊस सोडला. "आई, आपल्यात आत्मा-बित्मा मानत नाही. तुलाच माहीत आहे."

"मी कुठी आत्मा म्हटलं? नाव टाक म्हटलं."

टाकलं. बाबांचं पूर्ण नाव, देवनागरीत. बोट एंटरवर ठेवून मी बराच वेळ थांबलो. काही येऊ नये असंही वाटत होतं आणि यावं असंही. शेवटी आईनंच माझ्या हातावरून बोट दाबलं.

एक निकाल आला. वस्तू — बाबांचं नाव. कुणाकडे — रिकामं. गाव — रिकामं. आणि बदल्यातच्या जागी दोनच शब्द: अदलाबदल नाही.

त्या गेममध्ये काही वस्तू अशा असतात की त्या एकदा तुमच्या झाल्या की कुणाला देता येत नाहीत, त्यांचा सौदा होत नाही आणि दुसरं कोणी त्या नेऊही शकत नाही. अशा वस्तू या साइटवर कधी दिसत नाहीत, कारण शोधून उपयोग काय? मी आईला हे सांगितलं.

"म्हंजे त्याईले कोणाले देता येत नाई?"

"नाही."

"चुकून बी?"

"चुकून बी नाही."

आई त्या ओळीकडे बघत राहिली. मग उठली आणि खुर्ची जागेवर ठेवली. "बरं झालं बाई," ती म्हणाली, "माहा काई भरोसा नाई." आणि चहा ठेवायला गेली. त्या दिवशी किती दिवसांनी ती चहा करताना गुणगुणत होती.

नंतर मी ते नाव एकटाच पुष्कळदा टाकून पाहिलं. चौकोन येतात. सोडियमसारखं काहीतरी यामागे असणारच, असं मी अजूनही धरून चाललो आहे, फक्त ते काय हे मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर मला जरूर सांगा. आईला मात्र सांगू नका.